गाता येत नाही, तरी संगीत मंडळात काम करू का? माझं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, बी.कॉम. झालंय, सीएच्या ऑफिसात नोकरी, गाणं शिकलेली नाही पण ऐकायला मनापासून आवडतं. गावातल्या संगीत मंडळाने विचारलंय की खजिनदार होशील का आणि कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजमागे मदत करशील का. तर खरं काम काय असतं, वेळ किती जातो, गाण्यातलं कळत नसेल तर चालतं का.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात असल्याच एका मंडळाचं काम करते, चोवीस वर्षं झाली. आधी नुसती सतरंज्या घालायला, मग आठ वर्षं खजिनदार, आता कार्यवाह. तू माझ्या मुलीच्या वयाची म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

चालतं गं, अगदी चालतं. आमच्याकडे गाणं कळणारी माणसं पंधरा आहेत आणि पावती पुस्तक वेळेवर भरणारी दोन. कार्यक्रमाला कुणाला बोलवायचं यावर तासभर चर्चा करायला सगळे येतात, पण हॉलचं डिपॉझिट परत आणायला जायचं म्हटलं की नेहमीचीच दोन माणसं उठतात. तुझ्यासारखी हिशोब कळणारी, तरुण, संध्याकाळी मोकळी असणारी मुलगी म्हणजे मंडळाला काय मिळालंय हे त्यांना कदाचित अजून कळलेलंही नसेल.

आता काम काय असतं ते सांगते, आणि सुरुवात गाण्यापासून करत नाही, एका वहीपासून करते.

आमचे जुने कार्यवाह होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. सत्तावीस वर्षं मंडळ त्यांनी एकट्याने ओढलं असं म्हटलं तरी चालेल. कुठल्या गायकाला कुठली सोलापुरी चादर अंथरलेली आवडते इथपासून एफडी कुठल्या बँकेत आहे इथपर्यंत सगळं त्यांच्या डोक्यात. २००९ च्या दिवाळीनंतर ते अचानक गेले. तेराव्यानंतर आम्ही कपाट उघडलं तर आत जुन्या पत्रिका, फोटो, हार्मोनियमच्या भात्याचं कापड, आणि कागद असे काही नाहीतच. आमचं मंडळ म्हणजे बहुतेक मंडळांसारखंच, १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेलं. या दुसऱ्या कायद्यात असं आहे की विश्वस्त बदलला, वारला, नवीन निवडला, की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात फेरफार अर्ज द्यायचा, सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. आमच्याकडे अकरा वर्षांत एकही दिलेला नव्हता. म्हणजे सरकारी रेकॉर्डवर, ज्याला परिशिष्ट एकचा उतारा म्हणतात त्यावर, जी सात नावं होती त्यातले चार जण वारलेले आणि एक मुलाकडे बंगलोरला गेलेले.

बँकेने सह्या बदलून द्यायला नकार दिला, आणि त्यांचं काही चूक नव्हतं, उताऱ्यावर नाव नाही त्याची सही ते कशी घेणार. एफडी अडकली, चालू खातं अडकलं. फेब्रुवारीत दरवर्षीचा स्मृती समारोह, कलाकाराला शब्द दिलेला, हॉल बुक केलेला. आम्ही नऊ जणांनी खिशातून पैसे घातले, एका ताईंनी तर बांगडी गहाण ठेवली आणि हे आम्हाला वर्षभराने कळलं. सगळे चेंज रिपोर्ट एकामागून एक मंजूर होईपर्यंत जवळजवळ दोन वर्षं गेली, वकिलाची फी वेगळीच.

तेव्हापासून मी वही ठेवते. साधी दोनशे पानी, पुठ्ठ्याची. त्यात पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक, पॅन, खाती, एफडीच्या तारखा, ८०जीची (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणाऱ्या नोंदणीची) मुदत कधी संपते, ऑडिटरचा फोन, हॉलच्या किल्ल्या कुणाकडे. पुढे प्रत्येक कार्यक्रमाला दोन पानं. मोबाईलमध्येही फोटो काढून ठेवते आणि दर वर्षी एक झेरॉक्स अध्यक्षांच्या घरी, पण मूळ वही कागदाचीच, कारण माझा पासवर्ड माझ्याबरोबर जाईल आणि वही कपाटात राहील. तू खजिनदार झालीस आणि बाकी काहीही केलं नाहीस, नुसती ही वही लावून दिलीस, तरी मंडळाचं पुढच्या वीस वर्षांचं काम केलंस असं समज.

कार्यक्रमाच्या पानांवर मी काय लिहिते हे सांगितलं की स्टेजमागचं निम्मं काम तुला आपोआप कळेल.

सगळ्यात वर लिहिते गायकाचा किंवा गायिकेचा स्वर. काळी एक, पांढरी दोन, काळी चार, जे असेल ते. हे पेटीच्या पट्ट्यांवरून म्हणतात, पुरुष बहुतेक काळी एक-दोनच्या आसपास आणि बायका काळी तीन ते पाचच्या आसपास गातात. तुला वाटेल हे मला कशाला, ते वादक बघतील. मलाही तसंच वाटलं होतं. माझ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक गायिका मुंबईहून येणार होत्या, तबल्याला आमच्याच भागातले एक चांगले वादक ठरवले, दोघांना तारीख, वेळ, पत्ता सगळं नीट कळवलं आणि स्वर कळवायचा राहिला. बाईंचा स्वर काळी चार, वादक तबला घेऊन आले काळी एकचा. तबला थोडाफार चढवता-उतरवता येतो, बाजूचे लाकडी गट्ठे ठोकून, पण इतका नाही. काळी एकचा तबला लहान तोंडाचा आणि चढा असतो, काळी चारला मोठ्या तोंडाचा, खाली बोलणारा लागतो, म्हणजे ते वाद्यच दुसरं. मग एका विद्यार्थ्याला मोटरसायकलवर शेजारच्या गावी पाठवलं, त्याच्या गुरुजींच्या घरून तबला मांडीवर धरून आणला, आणि कार्यक्रम सत्तर मिनिटं उशिरा सुरू झाला. बाई एक शब्द बोलल्या नाहीत, ग्रीनरूममध्ये डोळे मिटून बसून राहिल्या. मला ते अजून टोचतं. त्यानंतर एकदाही स्वर विचारल्याशिवाय मी फोन खाली ठेवलेला नाही.

फोनवर काय विचारायचं तेही सांगते. स्वर झाला, साथीला कोण, ते स्वतः आणणार की आपण द्यायचे. तानपुरे किती, दोन लागतात बहुतेक. मांडी घालून बसता येतं ना, हे विचारायला संकोच करू नकोस, गुडघे सगळ्यांचेच दुखतात, स्टेजला पायऱ्या किती हे आपणहून सांगायचं. डायबेटीस आहे का, जेवण गाण्याआधी की नंतर (बरेच जण आधी अगदी थोडं खातात आणि गाणं झाल्यावर रात्री साडेदहाला त्यांना खरी भूक लागते, आणि तोपर्यंत तालुक्याच्या गावातली खाणावळ बंद झालेली असते, म्हणून डबा घरून करून ठेवायचा). रेल्वेने येणार का, मुंबईहून येणाऱ्यांना महालक्ष्मी एक्स्प्रेस बरी पडते, पहाटे मिरजेला उतरतात, पण मग उतरल्या उतरल्या खोली मिळाली पाहिजे, लॉजवाला दुपारी बाराचा चेक-इन सांगत असेल तर ते आधी मिटवून ठेवायचं. मानधन कुठल्या खात्यात, पॅन नंबर, रेकॉर्डिंग चालेल का.

आता तानपुरा. हा विषय निघाला की मी थांबत नाही, सांभाळून घे.

आमच्या भागाचं भाग्य की मिरज जवळ. तिथे शिकलगार लोकांनी, म्हणजे आधी हत्यारं बनवणाऱ्या कारागिरांनी, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली आणि आज देशभरचे गवई मिरजेचा तानपुरा वापरतात. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन पण मिळालं. किराणा घराण्याचे मोठे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात दर वर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, आणि त्याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर गाणं शिकले. अशा मुलुखात राहून मंडळाचा तानपुरा कपाटावर धूळ खात पडलेला असेल तर मला ते बघवत नाही. तुमच्या मंडळाचे तानपुरे कुठे ठेवलेत ते पहिल्याच दिवशी बघ. भिंतीला टेकवून उभे ठेवलेले असतील तर आडवे ठेवायला सांग, भोपळ्याला धक्का लागला की चीर जाते आणि ती दुरुस्त झाली तरी आवाज पहिल्यासारखा राहतोच असं नाही. तारा गंजलेल्या असतील तर पूर्ण सेट बदल, एक-एक बदलत बसू नकोस. खुंट्या घसरत असतील तर खडू लावतात. जवारी, म्हणजे घोडीची (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची) जी वरची बाजू घासून तयार करतात ज्याने तार नुसती वाजत नाही तर झंकारते, ती वापरून वापरून बसते, दोन-तीन वर्षांनी कारागिराकडे नेऊन काढून आणायची. हा खर्च बजेटमध्ये धरत जा, कारण कुणी देणगीदार जवारीसाठी पैसे देत नाही, सगळ्यांना बॅनरवर नाव दिसेल अशा गोष्टीला द्यायचे असतात.

लावणं वादकांचं काम, पण वेळ देणं आपलं काम. एसी हॉल असेल तर वाद्यं किमान पाऊण तास आधी स्टेजवर, त्याच लाईटखाली, त्याच एसीत नेऊन ठेव. बाहेरच्या उकाड्यात लावलेला तानपुरा आत आला की उतरतो किंवा चढतो, आणि मग पहिली वीस मिनिटं गायक आलापीऐवजी खुंट्या पिळत बसतो. पावसाळ्यात तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैल पडते, तेही तेच. आणि तानपुऱ्याची पहिली तार कुठल्या स्वरात लावायची ते विचारून घ्यायला सांग, बहुतेक रागांना पंचम चालतो पण मालकंसासारख्यात मध्यम लागतो आणि मारवा-पुरियात निषाद. हे तुला वाजवायचं नाही, पण मागे तानपुऱ्यावर बसणाऱ्या मुलींना आदल्या दिवशी कळलं असेल तर त्या घाबरत नाहीत.

त्या मुलींबद्दल एक सांगायचंय. क्लासच्या दोन मुली, कधी मुलगे, अडीच-तीन तास हलायचं नाही, पाय बधिर होतात, एकसारखी लय धरायची, तार उतरली तर कळायला हवं. आणि बहुतेक ठिकाणी सूत्रसंचालक त्यांची नावं घेत नाहीत, जेवणाला त्यांना कुणी विचारत नाही, रात्री साडेअकराला त्या घरी कशा जाणार हे कुणाच्या लक्षात नसतं. आमच्याकडे हा नियम केलाय की पत्रिकेत त्यांची नावं छापायची, आईवडिलांशी आधी बोलायचं, मंडळाच्या गाडीने घरी सोडायचं आणि छोटं का होईना पाकीट द्यायचं. त्यातल्या दोघी आज स्वतः मैफली करतात. नाव छापलेली पहिली पत्रिका त्यांनी जपून ठेवलीय.

साथीदारांच्या मानधनाचंही असंच. एका मोठ्या समारोहाच्या आयोजकांनी (नाव घेत नाही) आमच्या ओळखीच्या एका पेटीवादकांचे पैसे सात महिने दिले नाहीत, मुख्य कलाकाराला मात्र आधीच दिले होते. तू खजिनदार आहेस तर हे तुझ्या हातात आहे. प्रत्येकाचे पैसे वेगळे, थेट त्याच्या खात्यात, त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. टीडीएस कापायचा असेल तर तारीख ठरवतानाच सांगायचं की हातात इतके येतील, आणि नंतर सर्टिफिकेट न मागता पाठवायचं. तुझ्या सरांना विचारून रेट आणि मर्यादा दर एप्रिलला वहीत लिहून ठेव, त्या बदलत असतात. छोट्या मंडळाबद्दल कलाकार आपसात काय बोलतात माहितीये? हॉल कसा होता हे नाही, पैसे वेळेवर आले का आणि श्रोते कसे होते हे.

साऊंडबद्दल थोडंच सांगते कारण याच्यावर वेगळं लिहावं लागेल. गावातला साऊंडवाला ऑर्केस्ट्रा, लग्न, गणपती असं करून आलेला असतो, त्याचा हात चांगला असतो पण सवय वेगळी. त्याला तीन गोष्टी सांग: इको नको, डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्याचा) बेस कमी, आणि गायकाच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, तानपुरा व्यवस्थित ऐकू आला पाहिजे. आणि कार्यक्रम चालू असताना त्याने चहाला जायचं नाही, माईकची शिट्टी वाजली तर बटणावर हात हवा. त्याला पुढच्या रांगेतला एक पास दे आणि मंडळाच्या वर्षभराच्या पत्रिकेत त्याचंही नाव घाल. आमचा साऊंडवाला दहा वर्षांपूर्वी कंटाळून बसायचा, आता तो स्वतः सांगतो की आज पंचम जरा कमी वाटतोय.

वेळेचं गणित मात्र नीट समजून घे. मोकळ्या पटांगणात कार्यक्रम असेल तर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस बहुतेक सणांनाच जातात, आपल्या तारखेला ते नसतात. बंद सभागृहाला हे लागू नाही, पण तिथे हॉलवाला दहाला दिवे घालवतो. याचा परिणाम गाण्यावर होतो गं. साडेसहाला सुरू करून पावणेदहाला संपवायचं म्हणजे मालकंस, दरबारी, अडाणा हे रात्रीचे राग आमच्या गावातल्या नव्या श्रोत्यांनी समोर बसून क्वचितच ऐकलेत. आधीच्या पिढीने पहाटेपर्यंतच्या मैफली ऐकल्या. आम्ही यावर उपाय म्हणून वर्षातून दोन मैफली सकाळी करतो, सव्वासहाला सुरू, ललत, भैरव, तोडी, आणि नंतर उपमा-चहा. मुलांना घेऊन लोक येतात, गर्दी संध्याकाळपेक्षा जास्त. पण सकाळच्या मैफलीला स्टेजमागची माणसं पहाटे साडेतीनला हजर लागतात हे लक्षात ठेव, आणि हॉलची किल्ली आदल्या रात्रीच आपल्याकडे हवी, कारण पहाटे वॉचमन फोन उचलत नाही.

पैशाचं तुझं क्षेत्र, तरी सीएच्या ऑफिसात जे कंपन्यांचं बघतेस त्याहून मंडळाचं थोडं वेगळं असतं म्हणून सांगते. वर्ष ३१ मार्चला संपलं की सहा महिन्यांत ऑडिट होऊन अहवाल धर्मादायकडे गेला पाहिजे, म्हणजे सप्टेंबरअखेर. बहुतेक मंडळं ऑगस्टमध्ये जागी होतात आणि तोवर हार-फुलांच्या पावत्या हरवलेल्या असतात. ८०जी असेल तर देणगी घेतानाच पॅन आणि पत्ता घे, कारण आता देणगीदारांची यादी मे महिन्याच्या अखेरीपर्यंत ऑनलाईन भरावी लागते आणि त्यातून निघालेलं सर्टिफिकेटच देणगीदाराला उपयोगी पडतं, आपलं पावती पुस्तक नुसतं पुरत नाही. दोन हजाराच्या वर रोख दिली तर त्यांना सवलत मिळत नाही. हे म्हाताऱ्या सभासदांना समजावताना चिडायचं नाही, त्यांनी चाळीस वर्षं पाकिटात नोटा घालून दिल्यात, त्यांना चेक किंवा यूपीआय म्हणजे अविश्वास वाटतो. शेजारी बसून, चहा घेऊन, त्यांच्या फोनवरून करून द्यायचं.

तिकिटाचं म्हणशील तर पाचशे रुपयांपर्यंतच्या प्रवेशाला जीएसटी नाही, आणि शास्त्रीय किंवा लोककलेच्या कलाकाराच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनालाही नाही. शिवाय वीस लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या मंडळाला नोंदणीच करावी लागत नाही. त्यामुळे कुणी आयोजक कमिटीत जीएसटीच्या नावाने घाबरवत असेल तर शांतपणे हे सांग.

एक गोष्ट मात्र फार सांभाळ, परदेशातून येणारे पैसे. गावातले मुलगे-मुली अमेरिकेत, आखातात, त्यांना गावाच्या मंडळासाठी काही करावंसं वाटतं, आणि त्यांची माया खरी असते. पण एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी स्रोताकडून देणगी घेता येत नाही. इथे लोक गोंधळतात. भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा दुबईतून आपल्या कमाईतून देतो तो परदेशी स्रोत धरला जात नाही. पण तोच मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं) कार्ड असलं तरी, तो परदेशी स्रोत ठरतो. आमच्याकडे एका माजी विद्यार्थ्याने प्रेमाने चांगली मोठी रक्कम पाठवतो म्हणून फोन केला होता, मी आधी पासपोर्ट कुठला विचारलं, त्याला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी नीट समजावून सांगितलं आणि मग त्याने स्वतः सुट्टीत येऊन क्लासच्या मुलांना आठ दिवस इंग्रजी पत्रव्यवहार, वेबसाईट, पोस्टर करणं शिकवलं. आमचं आजचं पोस्टर ती मुलंच करतात.

रेकॉर्डिंगचं एका वाक्यात: कलाकाराची लेखी परवानगी असल्याशिवाय युट्यूबवर काही टाकू नकोस, फेसबुक लाईव्हही नाही, सादरीकरणावर कलाकाराचा हक्क कॉपीराइट कायद्यातच आहे, आणि पहिल्या रांगेत मोबाईल वर धरून बसलेल्या सभासदाला हळूच जाऊन सांगायचं कामही बहुतेक तुलाच येणार आहे.

वेळ किती जातो? आमचे वर्षाला आठ कार्यक्रम. सामान्य आठवड्यात तीन-चार तास, फोन, हिशोब, एखादी मीटिंग. कार्यक्रमाच्या आधीचे दहा दिवस रोज संध्याकाळ. कार्यक्रमाचा पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ, कारण भाड्याच्या गाद्या-तक्के मोजून परत करायचे असतात आणि दर वेळी दोन अभ्रे कमी भरतात. एप्रिल-मे हिशोबाचे. नोकरी सांभाळून होतं. पण लग्न ठरलं, बाळ झालं, बदली झाली तर काय, याचं उत्तर आत्ताच तयार ठेव, म्हणजे पहिल्या वर्षापासूनच एक सहखजिनदार मागून घे आणि त्याला सगळं शिकवत राहा.

आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, तुला गाणं ऐकायला मिळणार नाही. निदान पहिली काही वर्षं. ज्या गायिकेसाठी तू मंडळात आलीस ती समोर यमन मांडत असेल आणि तू मागच्या दाराशी जनरेटरवाल्याशी डिझेलवरून बोलत असशील. मला हे फार जड गेलं. मी त्यावर आमच्या कमिटीत भांडून एक पद्धत पाडून घेतली: मध्यंतरानंतर स्टेजमागच्या लोकांची पाळी बदलते, अर्धे लोक बाहेर जाऊन श्रोत्यांत बसतात, मागच्या नाही, चांगल्या जागी, खुर्च्या त्यांच्यासाठी राखलेल्या असतात. तू जाशील तेव्हा ही मागणी लाजून सोडून देऊ नकोस. गाणं ऐकणं बंद झालेला कार्यकर्ता पाच-सहा वर्षांत थकतो, आमच्याकडे दोन फार गुणी माणसं अशीच गेली.

माणसांचं म्हणशील तर भांडणं होतात. अध्यक्षांना त्यांच्या घराण्याचे गायक हवे असतात, तरुणांना फ्यूजन, देणगीदाराला आपल्या भाचीचं गाणं आधी लावून हवं असतं. तुझ्याकडे आकडे असतील तर तुझं ऐकतात. मागच्या सहा कार्यक्रमांना किती लोक आले, किती नवीन, किती जण मध्यंतराला उठून गेले, हे वहीत असेल तर मीटिंगमधला आवाज आपोआप खाली येतो. आमच्याकडे आम्ही असं मोजायला लागलो तेव्हा कळलं की ज्यांना आम्ही रसिक म्हणत होतो ते साठच्या पुढचे ऐंशी लोक दर वर्षी कमी होतायत आणि त्यांच्या जागी कुणी येत नाहीये. मग क्लासच्या मुलांना फुकट प्रवेश आणि बरोबर एका पालकाला, असं सुरू केलं. गेल्या जानेवारीत एकशे चाळीसपैकी एकोणपन्नास जण तिशीच्या आतले होते. हा आकडा मी वहीत लाल पेनाने लिहिलाय.

तेव्हा हो म्हण. फक्त हो म्हणायच्या आधी परिशिष्ट एकचा ताजा उतारा बघायला माग, आणि त्यावरची नावं आणि आत्ताची कमिटी जुळते का ते बघ. जुळत नसेल तर पहिलं काम तेच धरा, कार्यक्रम त्यानंतर. पद मार्चमध्ये घेऊ नकोस, जुन्या खजिनदारांनाच वर्ष बंद करू दे, तू १ एप्रिलला घे. त्या दिवशी तीन गोष्टी टेबलावर मांडून घे: कॅशबुकातली शिल्लक, पेटीतली रोकड आणि बँकेचं भरून आणलेलं पासबुक. रोकड दोघांनी मोजायची, एका कागदावर लिहायची, जुने खजिनदार, तू आणि अध्यक्ष, तिघांच्या सह्या. त्यांना वाईट वाटेल की एवढ्या वर्षांनी मोजून घेते म्हणून, तर त्यांना सांग की हे तुमच्यासाठीच आहे काका, उद्या कुणी तुम्हाला विचारायला नको. आणि तो कागद वहीच्या पहिल्या पानाला चिकटव.